माळावरचे सहा पत्रे

आमच्या शेलूच्या इमारतीत संध्याकाळी जिना चढू लागलं की प्रत्येक मजल्याचा वेगळा वास लागतो. पहिल्यावर कुकरमधली डाळ, दुसऱ्यावर धूप, तिसऱ्यावर नुकत्याच लावलेल्या रंगाचा. काल या सगळ्यांना बाजूला सारून एक तिखट, सरळ डोक्यात जाणारा वास आला आणि मी जिन्यातच थबकले. शेजारची मुलगी दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसली होती आणि डाव्या हाताची बोटं फाकवून नखांना लाल रंग लावत होती. "काकू, कसा दिसतो?" तिने विचारलं. "छान," असं म्हणून मी किल्ली चाचपत घरात शिरले, पण तो वास माझ्यामागोमाग आत आला आणि झोपेपर्यंत गेला नाही. मी स्वतः आयुष्यात नखं रंगवली नाहीत. तरीही एकेकाळी माझ्या पिशवीत लाल नेलपॉलिशच्या तीन बाटल्या असायच्या. त्या मी सापसुरळ्यांना लावण्यासाठी घेतल्या होत्या.

हे वाक्य वाचून माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं वाटू नये, म्हणून थोडं मागे जाते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा लोकांनी शाल, नारळ आणि 'आता आराम करा' हा सल्ला दिला. आराम आठ दिवस केला. एकट्या बाईच्या घरात आराम फार लवकर संपतो. नवव्या दिवशी मी भांड्यांच्या कपाटाला नवे कागद लावले, दहाव्या दिवशी ते काढून पुन्हा सरळ लावले. एवढ्यात एका संस्थेकडून विचारणा आली, की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात रानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी करायची आहे, जमेल का? गुडघ्यांना न विचारता मी हो म्हणून टाकलं.

साप-सरड्यांची पाहणी म्हणजे साप पकडण्याचं धाडस, असा एक गोड गैरसमज आहे. खरं तर ते बघण्याचं काम आहे, आणि त्याहून जास्त न दिसण्याची सवय करून घेण्याचं. प्रत्येक जागा वेगळ्या प्रकारे बघावी लागते. भाताच्या बांधावरून जायचं तर पावलांकडे न बघता दहा हात पुढे बघायचं, कारण दिवडीला, म्हणजे पाणसापाला, आपली चाहूल आधीच लागते आणि आपण पोचेपर्यंत ती पाण्यात शिरलेली असते. जंगलातल्या पाचोळ्यात डोळे निरुपयोगी असतात. तिथे दोरीने चौकोन आखायचा, चौघांनी चार कोपऱ्यांतून आत सरकत पान न् पान उलटायचं. आम्ही दोघीच होतो, तेव्हा दोनच कोपरे व्हायचे आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून सरडे आरामात निघून जायचे. ओहोळाच्या काठी उलट काहीच करायचं नाही. ऊन चढलेल्या खडकासमोर अर्धा तास दगडासारखं बसायचं, की मग दगडांमधून एक एक डोकं वर येतं. आणि उघड्या माळावर, जिथे लपायला झुडूप नाही, तिथे आपणच लपायची जागा करून द्यायची. लोखंडी पत्र्याचे दोन-अडीच हातांचे तुकडे जमिनीवर पसरून ठेवायचे आणि विसरून जायचं. पत्रा सकाळी लवकर तापतो, खाली ऊब धरतो, आणि ऊब हवी असलेला जीव हळूहळू त्याचा पत्ता काढतो. आठवड्याने जायचं, पलीकडची कड आकड्याने धरून पत्रा आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली विषारी फुरसं असलंच तर मध्ये पत्रा आडवा राहतो. मग वरून वाकून बघायचं. जे दिसेल ते वहीत. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, तेही वेळ, ऊन आणि वाऱ्यासकट. वर्गात मी पोरांना बजावून सांगत असे, की शून्य ही सुद्धा नोंद असते. सांगायला फार सोपं होतं.

वर 'आम्ही दोघी' म्हटलं, त्यातली दुसरी चौक गावाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याच्या चढावर असलेल्या एका ठाकरवाडीतली. वाडीतल्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांच्या रानात शिरू नये एवढी अक्कल मला होती. मी वाडीत गेले आणि बिळांची माहिती असलेलं कुणी आहे का विचारलं, तर ओट्यावरची सगळी माणसं हसली आणि एका बाईकडे बोट दाखवलं. ती ओहोळातली खेकडी काढून चौकच्या ढाब्यांना विकायची. वय माझ्याएवढंच, पण पाय माझ्या निम्म्या वयाचे. तिला मी रोजावर सोबतीला घेतलं. ती मला बाई म्हणू लागली आणि मी तिला मावशी. तिच्या वाडीत सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात, त्यामुळे पत्रा उचलताना ती हमखास म्हणायची, "बगा बाई, गावली तर माजी भईनच गावंल." एकमेकींची नावं आम्ही कधी घेतली नाहीत. तिचं नाव मजुरीच्या पावतीवर मी दर आठवड्याला लिहीत असे, पण तोंडात ते कधी आलं नाही.

पहिल्याच दिवशी मी एका बिळासमोर गुडघे टेकून वहीत त्याची रुंदी लिहीत बसले होते. ती मागे उभी राहून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "बाई, दारावर कोळ्याचं जाळं हाय. घरात कोन नाय." पस्तीस वर्षं शिकवून जे मला सुचलं नव्हतं ते तिने उभ्या उभ्या सांगितलं. मला राग आला, आणि मग खूप हसू आलं. त्यानंतर मी तिच्या डोळ्यांनी बघायला शिकले असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. मी शेवटपर्यंत माझ्याच डोळ्यांनी बघत राहिले.

तिच्या वाडीची एक रीत होती. चढून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उतरू द्यायचं नाही. घरात काही नसेल तर दारातल्या वेलाचं पान देतील, पण हातात काहीतरी ठेवतीलच. संध्याकाळी टमटमीकडे निघताना माझ्या पिशवीत रानातले दोन कंद, करांदे, कधी मूठभर वालाच्या शेंगा, एकदा तर केळीच्या पानात बांधलेला मधाच्या पोळ्याचा तुकडा असा काही ना काही ऐवज पडलेला असायचा. मी "कशाला, कशाला" म्हणायची, आणि शेलूला पोचल्यावर एकटीने बसून तो करांदा उकडून खायची. त्या दिवसांत माझ्या घरातल्या चुलीला काही अर्थ आला होता.

ओहोळाकाठच्या आणि बांधावरच्या सापसुरळ्यांना मी नेलपॉलिशचा ठिपका लावायची, म्हणजे तीच पुन्हा दिसली तर ओळखता यावी. ओहोळापाशी उजव्या खांद्यावर, बांधावर डाव्या. कात टाकली की खूण जाते, पण दोन-तीन आठवडे टिकते. मावशी त्याला कुंकू म्हणायची. सापसुरळी हातात धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दोन बोटांत अशी अलगद धरायची की शेपूट कधी तुटली नाही. आणि खूण केलेली एखादी पुन्हा सापडली की मी वय विसरून टाळ्या पिटायची. ती मोठी मौजेची गोष्ट असते. अनोळखी रानात एक ओळखीचं तोंड भेटल्यासारखं वाटतं. मावशी माझ्याकडे बघून हसायची. ती काय बघत होती हे मला तेव्हा कळलं नाही.

माळ मात्र हट्टाला पेटला होता. दसऱ्यानंतर आम्ही दोघींनी सहा पत्रे डोक्यावरून वर नेले, नंबर घातले, पसरले. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला, आणि सहाच्या सहा पत्र्यांखाली मुंग्या, एक विंचू आणि पिवळं पडलेलं गवत. खरं म्हणजे यात आश्चर्य काहीच नव्हतं. नवा पत्रा जनावराला परका वाटतो. त्याला पाऊस लागावा लागतो, गंज धरावा लागतो, खालची माती बसावी लागते. हे मला पाठ होतं. पण माणसाला पाठ असतं त्यातलं फार थोडं उपयोगी पडतं. एका सकाळी सहावा पत्रा रिकामा निघाला तेव्हा मी आकडा आपटला आणि वैतागून म्हणाले, "पुढच्या खेपेलाही असंच रिकामं निघालं ना मावशी, तर मी काही यायची नाही इथे." बोलून मी पाणी प्यायले आणि विसरूनही गेले. ती पत्रा सारखा करत होती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पत्र्याखाली सापसुरळी निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक सापसुरळी आणि एक सरडा. मी इतकी खूश झाले की संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं, माळाच्या पाहणीला पत्र्याची पद्धत कशी योग्य आहे त्यावर. महिनाभर माळ असा मला भरभरून देत राहिला. मावशी त्या दिवसांत थकलेली दिसायची. मी विचारलं तर म्हणायची, "थंडीचं लवकर उटवत नाय."

संक्रांत होऊन गेली होती. चौथा पत्रा उचलला, वाकले, आणि खालच्या सापसुरळीच्या उजव्या खांद्यावर लाल ठिपका होता. ओहोळाची खूण. आठच दिवसांपूर्वी मी स्वतः लावलेली. ओहोळ तिथून दीड तासाच्या उतारावर. एवढासा जीव, एवढी चढण! "मावशी, बघा, बघा, ही ओहोळातून इथवर आली!" मी ओरडले आणि टाळ्या वाजवल्या. ती दुसरीकडे बघत हसली. "आली आसंल. पाय हायेत तिला." मग मी पाचवा पत्रा उचलला. तिथेही एक होती, आणि तिच्याही उजव्या खांद्यावर ठिपका होता. एक सापसुरळी वाट चुकून डोंगर चढेल, एकीमागोमाग दोघी चढणार नाहीत. मी वळून बघितलं. मावशीच्या कमरेला ओच्यात ओल्या पाल्याची एक फडक्याची पुरचुंडी खोचलेली होती, आता सैल झालेली.

मी कधी मुलांवरही इतकी ओरडले नव्हते. महिनाभराच्या नोंदी खोट्या, संस्थेला लिहिलेलं पत्र खोटं, माझी सगळी अक्कल खोटी. ती हळूच म्हणाली, "तुमाला कुकवाची गावली का लय आनंद व्हतो, म्हनून आनल्या." मी ऐकलंच नाही. इतके दिवस अहो-जाहो करणारी मी, एका झटक्यात अरे-तुरेवर आले. "काम बंद होऊन तुझा रोज बुडेल म्हणून केलंस ना हे?" असं म्हणाले. माळावर वारा नव्हता, त्यामुळे शब्द फार स्पष्ट ऐकू गेले असावेत.

ती खाली बसली, दोन्ही सापसुरळ्या अलगद उचलल्या, पुरचुंडीत ठेवल्या. "त्यांच्या जाग्यावर सोडून येते," एवढं म्हणाली आणि उतारावरून निघून गेली. मी तिथेच वहीत रेघा मारत बसले. महिन्याभराची पानं तिरप्या रेघांनी खोडली आणि प्रत्येक पानावर सही केली, नियमाप्रमाणे. त्या दिवशी पहिल्यांदा मी माळावरून रिकाम्या पिशवीने उतरले, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दोन आठवडे ती आली नाही. मी पहिल्या आठवड्यात रागाने एकटी फिरले, दुसऱ्यात नुसतीच फिरले. एकटीला पाचोळ्याचा चौकोन होत नाही. तिसऱ्या आठवड्यात वाडीत गेले. घरी तिची सून नाचणी निवडत होती. "सासू वर माथेरानला जाते आता. हाटेलातल्या चादरी धुवायला," ती म्हणाली. मी म्हटलं, रोज बरा मिळत असेल. का म्हटलं कुणास ठाऊक. माझं म्हणणं खरं ठरावं असं मला अजून वाटत असावं. सुनेने सूप खाली ठेवलं.

"बाई, तुमच्याकडं येयाच्या आदीबी ती खेकडी इकूनच पोट भरत व्हती. रोजाचं तिला काय नव्हतं. तुमीच म्हनल्या ना, रिकामं निगालं तर येनार नाय? तवापासनं तिला घोर लागला. पाटंचं उटायची, वहाळावर जायची, जनावरं धरून माळावर नेऊन ठेवायची, आनि मंग खाली येऊन तुमच्याबरोबर परत वर. आमी म्हनलं, कशाला गं करते? तर म्हनं, बाई एकटीच ऱ्हाते. घरी जेवायला कोन नाय बोलवत तिला. हितं येते तर माज्यासंगं दोन घास खाते तरी."

आठवतं एवढंच की उतरताना सुनेने माझ्या हातात काहीतरी ठेवलं होतं आणि ते काय आहे हे मी शेलूला येईपर्यंत बघितलं नव्हतं. वर्षभर मी समजत होते की मी तिला कामावर ठेवलं आहे. वहीत तिच्यापुढे 'मदतनीस' असं लिहिलेलं होतं.

माथेरानला मी गेले नाही. गुडघ्यांचं निमित्त केलं, उन्हाचं केलं, मग पावसाचं. खरं कारण सांगायचं तर मला भीती वाटली. ओल्या चादरींच्या रांगेत तिच्यासमोर उभं राहून काय म्हणायचं, हे मला ठरवता आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ती कर्जत स्टेशनाबाहेर करांद्यांचा वाटा लावून बसलेली दिसली. सुट्टीचा दिवस असावा. मी समोर बसले. "बऱ्या हाय ना बाई? गुडगं कसं हायेत?" तिने विचारलं. अगदी मनापासून विचारलं, आणि तरीही ते बाजारात कुणालाही विचारावं तसंच होतं. मी म्हणणार होते, मावशी, माझं चुकलं. पण मागून एक गिऱ्हाईक भाव करू लागलं, ती तिकडे वळली, आणि माझ्या पिशवीत दोन करांदे जास्त टाकून म्हणाली, "या." तिने राग धरला असता तर बरं झालं असतं. राग धरायला माणूस जवळचं लागतं.

पाहणी संपली, अहवाल गेला. माळाच्या रकान्यात शून्य आहे. पत्रे मात्र मी काढले नाहीत. संस्थेने मागितले नाहीत आणि मला एकटीला उतरवणं झेपलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. अधूनमधून जाऊन बघून येते, आणि गेल्या पावसाळ्यानंतर तेही राहिलं होतं. काल त्या मुलीच्या नखांचा वास नाकातून जाईना, म्हणून आज पहिल्या गाडीने कर्जत गाठलं, चौकला उतरले आणि गुडघ्यांची समजूत घालत माळावर चढले.

पत्रे ओळखू येणार नाहीत इतके गंजले आहेत. नंबर गेले आहेत. तिसऱ्याची कड मातीत रुतली आहे आणि तिच्याभोवती गवताने आपलं कुंपण केलं आहे. तो उचलला आणि खाली एक सापसुरळी होती. कोवळी, तांबड्या शेपटीची, उन्हाने दिपून जागच्या जागी थांबलेली. माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिते, कारण दुसरीकडे लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, ही कुणीतरी आणून ठेवलेली असू दे. मी उभी राहून चारी बाजूंना बघितलं. मग पाहणी करणाऱ्याने बघायचं तसं बघितलं. गवतावर दव होतं आणि त्यात एकाच माणसाची पावलं उमटली होती, माझी. पत्र्याखाली एक बीळ होतं, येऊन-जाऊन तोंड गुळगुळीत झालेलं, आत ओल धरलेली माती. ती तिथे कित्येक दिवसांपासून राहत होती. आपल्या पायांनी आली होती. दोन पावसाळे एवढाच काय तो वेळ लागला होता, आणि तेवढा धीर आम्हा दोघींपैकी एकीलाही निघाला नव्हता. मावशीला मी येणं बंद करीन या भीतीपोटी, आणि मला माझ्या विद्वत्तेपोटी. तिचं कारण माझ्या कारणापेक्षा किती चांगलं होतं!

पत्रा हलक्या हाताने ठेवला. वहीत तारीख, वेळ, ऊन, वारा लिहिलं आणि पुढे लिहिलं, सापसुरळी एक. दोन वर्षांत माळावरची ही पहिली खरी नोंद. लिहिता लिहिता अक्षर पुसट दिसायला लागलं आणि मी रडते आहे हे कळलं. समोर माथेरानच्या कड्यावर ऊन पोचलं होतं. तिथे कुठेतरी ती या वेळी चादरी पिळत असेल. ही गोष्ट ऐकून जिला माझ्याहून जास्त आनंद झाला असता असं माणूस जगात एकच होतं, आणि मी तिला मजूर म्हणून हाकलून दिलं होतं.